स्क्रबरमध्ये डेमिस्टर पॅड बसवायचाय? आधी कडेची फट बघा

आमच्याकडे सुरुवात पार्किंगपासून झाली. कोकणातल्या एका एमआयडीसीतला केमिकल प्लांट, स्टॅकच्या, म्हणजे चिमणीच्या, खालच्या अंगाला बाईकचं पार्किंग, आणि पावसाळा संपला की वारा फिरायचा तसे बाईकच्या टाक्यांवर बारीक पांढरे ठिपके दिसायला लागले, क्रोमच्या सायलेन्सरवर तर सरळ गंज. सगळे म्हणाले स्क्रबर (ॲसिडचा धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुणारा उभा कॉलम) काम करत नाही, कॉस्टिक वाढवा. कॉस्टिक वाढवला, पंप बदलला, ठिपके तसेच. कारण गॅस स्वच्छच होत होता हो, पण गॅसबरोबर स्क्रबरचं पाणीच थेंबाथेंबाने वर उडून बाहेर जात होतं. त्यालाच आपण कॅरीओव्हर म्हणतो, आणि ते थांबवायला कॉलमच्या डोक्यात जी जाळीची गादी असते तो डेमिस्टर पॅड. उघडून बघितलं तर पॅड होता, नवाच होता, फक्त एका बाजूला भिंतीपासून दोन बोटं सुटलेला. तेवढं पुरतं.

पॅड बसवण्याचं काम चारपाचदा स्वतः उभं राहून करून घेतलंय, त्यातलं जे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं ते इथे लिहितोय. उदाहरण आमचंच घेतो, एचसीएलच्या (हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या) धुराचा स्क्रबर, एफआरपीचा (फायबर घातलेल्या प्लॅस्टिकचा) कॉलम, आतला व्यास १८०० मिमी, वर १५० मिमी जाडीचा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) जाळीचा पॅड. एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) व्हेसलमध्ये पद्धत बरीचशी हीच, फरक येईल तिथे सांगेन.

जाळी काम कशी करते ते दोन वाक्यांत. गॅस वळून तारांच्या मधून निघून जातो, थेंब जड असतो त्याला तेवढं पटकन वळता येत नाही, तो तारेवर आपटतो, चिकटतो, असे दहा थेंब एकत्र आले की मोठा थेंब होऊन गुरुत्वाने खाली पडतो. पॅडमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जागा रिकामीच असते, म्हणून प्रेशर ड्रॉप कमी. पण गॅस आळशी आहे. शेजारी दोन बोटं मोकळी वाट असेल तर तो जाळीतून कशाला जाईल? आणि त्या फटीत वेग इतका वाढतो की जाळीने पकडून खाली सोडलेलं पाणीसुद्धा परत उचलून नेतो.

ऑर्डर द्यायच्या आधी

पहिलं मटेरियल, कारण इथे चुकलात तर बसवणं कितीही चांगलं करा उपयोग नाही. आमच्याकडे त्याच्याही आधी कोणीतरी एसएस ३१६ चा पॅड टाकला होता, "एसएस आहे ना, मग झालं" असं म्हणून. ओलं एचसीएल आणि पाव मिलिमीटरची तार, किती टिकणार? काही महिन्यांत पॅडचा भुगा होऊन पंपाच्या स्ट्रेनरमध्ये आला. क्लोराईड आणि ॲसिड असेल तर पीपी, पण पीपी सत्तर-ऐंशी डिग्रीच्या वर मऊ पडायला लागतो, तिथे पीव्हीडीएफ (जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक) किंवा टेफ्लॉनवाली जाळी बघावी लागते. वाफ, हवा, साधं पाणी, तेल असेल तर एसएस ३०४ किंवा ३१६ मस्त चालतं.

दुसरं, वेग. हिशोब सोपा आहे, द्रवाची घनता वजा गॅसची घनता, भागिले गॅसची घनता, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि के नावाच्या आकड्याने गुणायचं. जाळीच्या पॅडला उभ्या प्रवाहात के साधारण ०.१०७ मीटर प्रति सेकंद धरतात. हवा १.२ आणि पाणी १००० किलो प्रति घनमीटर धरलं तर उत्तर येतं सुमारे ३.१ मीटर प्रति सेकंद, ही वरची मर्यादा. प्लॅस्टिकच्या जाळीला व्हेंडर हा के कमी देतात, तो त्यांच्याकडून लेखी घ्या. आमचा ब्लोअर १६००० घनमीटर प्रति तास, पॅड ज्यावर टेकतो त्या सपोर्ट रिंगची ५० मिमी रुंदी दोन्हीकडून वजा केली तर मोकळा व्यास १७०० उरतो, म्हणजे वेग साधारण १.९६. बरोबर बसतो. रिंगची रुंदी वजा करायला लोक हमखास विसरतात. आणि वेग फार कमी असला तरी पंचाईत, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या खाली गेलात की थेंब तारेवर आपटतच नाहीत, गॅसबरोबर अलगद वळून निघून जातात. म्हणून ब्लोअर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) फार हळू चालवून "आता कॅरीओव्हर होणार नाही" असं समजू नका.

तिसरं, पॅडच्या वर मोकळी जागा किती. गॅस बाहेर नेणारा नोझल, म्हणजे पाईपचं तोंड, पॅडच्या अगदी डोक्यावर असेल तर सगळा गॅस मधूनच ओढला जातो, कडेची जाळी नुसती शोभेला. नोझलच्या काठापासून ४५ अंशात रेघ खाली काढली तर ती पॅडच्या काठाला पोचली पाहिजे. १८०० च्या कॉलमला ६०० चा नोझल असेल तर अंतर १८०० वजा ६०० भागिले दोन, म्हणजे किमान ६०० मिमी. खाली स्प्रे हेडर किंवा पॅकिंगपासूनही तीनशे-साडेचारशे मिमी ठेवा, नाहीतर स्प्रेचं पाणी थेट जाळीवर मारलं जातं आणि पॅड कायम तुंबलेला राहतो.

आणि हे सगळं करायच्या आधी एकदा विचार करा की तुमचा थेंब जाळीत सापडणारा आहे का. जाळी पाच-दहा मायक्रॉनच्या वरचे थेंब चांगले पकडते. सल्फ्युरिक ॲसिडचं पांढरं धुकं मायक्रॉनपेक्षाही बारीक असतं, त्याला कँडल फिल्टर लागतो, जाळीचे तीन थर टाकले तरी ते हसत निघून जाईल. उलट स्लरी किंवा चिकट माल असेल तर जाळी चोक होणार, तिथे व्हेन पॅक (नागमोडी पत्र्यांचा संच) बरा. साखर कारखान्यातल्या इव्हॅपोरेटरवर रस उडू नये म्हणून जे सेव्ह-ऑल असतात त्यांचं कामही हेच, तिथे रस उडतोय का हे कंडेन्सरच्या पाण्यात अल्फा नॅफ्थॉल टाकून साखर तपासून कळतं. असो, आपण जाळीकडे येऊ.

माल आला की

तुकडे मोजा. १८०० चा पॅड साधारण ३०० मिमी रुंदीच्या सहा पट्ट्यांत येतो, कारण तो मॅनहोलमधून आत गेला पाहिजे. तुमचा मॅनहोल ५०० चा आहे का ४५० चा ते स्वतः टेपने मोजा, ड्रॉइंगवर जाऊ नका, एफआरपीचा नोझल रिपेअर करताना आतून लॅमिनेट (फायबरचा थर) चढवलेलं असतं आणि १०-१५ मिमी कमी झालेलं असतं. पट्टीच्या खालीवर ग्रिड असते, ती कडक, ती वाकत नाही.

मग प्रत्येक पट्टीची रुंदी मोजा. ग्रिड ३०० असली तरी जाळी तिच्या बाहेर आलेली पाहिजे, ३०८-३१०. नवीन माणसाला वाटतं साईज चुकली आणि तो कात्री घेऊन निघतो! अरे बाबा, ती मुद्दाम मोठी दिलेली असते. सहा पट्ट्या मिळून पन्नास-साठ मिमी जास्त, तेवढं दाबून बसवलं की सांधा घट्ट होतो. ग्रिड मात्र भिंतीपासून पाच-सहा मिमी आत पाहिजे, कारण पीपी गरम झाला की वाढतो, १८०० लांबीला तीस डिग्री फरकात सात-आठ मिमी सहज, जागा नसेल तर ग्रिड मधे धनुष्यासारखी वर उठते. म्हणजे ग्रिड आखूड आणि जाळी मोठी, हे उलटं दिसलं तर माल परत.

पट्ट्या उन्हात टाकू नका आणि एकावर एक ढीग लावून वर पाईप ठेवू नका. आमच्या स्टोअरवाल्याने ठेवले होते, १५० चा पॅड १२० झाला तो काही परत फुलला नाही.

आत जायच्या आधी

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण मी इथे वेळ घालवणार. स्क्रबर हा एकट्याचा नसतो. प्लांटच्या सगळ्या रिॲक्टरचे व्हेंट एकाच हेडरला येऊन त्यात सोडलेले असतात. तुम्ही ब्लोअर बंद केला, लॉक लावलं, परमिट (आत उतरायची लेखी परवानगी) काढलं, माणूस आत उतरवला, आणि तिकडे दुसऱ्या प्लांटमध्ये कोणीतरी थायोनिल क्लोराईड चार्ज केलं तर एचसीएल आणि सल्फर डायऑक्साईड थेट त्या माणसावर. व्हॉल्व्ह बंद आहे हे पुरेसं नाही, डॅम्पर बंद आहे हे तर अजिबातच नाही, डक्टमध्ये ब्लाइंड (वाट पूर्ण बंद करणारी प्लेट) टाकायचाच आणि ज्या ज्या प्लांटचा व्हेंट येतो त्या प्रत्येकाच्या शिफ्ट इन्चार्जची परमिटवर सही घ्यायची. फोनवर सांगितलं म्हणजे झालं नाही, शिफ्ट बदलते.

कॉलम पाण्याने धुवा, शेवटच्या पाण्याचा पीएच बघा, सातच्या आसपास आला की निचरा करा. वरचा आणि खालचा दोन्ही मॅनहोल उघडा, एअर ब्लोअर लावून ठेवा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, एलईएल (पेटणाऱ्या गॅसचं रीडिंग) शून्य, आणि एचसीएलचं वेगळं डिटेक्शन, कारण नेहमीच्या चार गॅसवाल्या मीटरमध्ये एचसीएल नसतो. आतला दिवा २४ व्होल्टच्या वरचा नको, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ३६-ए मध्येच होतं. बाहेर स्टँडबाय माणूस, त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही, चहा आणायलासुद्धा पाठवायचं नाही.

आणि आग. पीपीची जाळी म्हणजे पेटायला तयार काकडा, वरून एफआरपीचा कॉलम म्हणजे चिमणीच. सपोर्ट रिंगवर ग्राइंडिंग, जवळपास वेल्डिंग, जे काय करायचं ते जाळी आणायच्या आधी करून मोकळे व्हा. पॅड आत गेल्यावर त्या कॉलमवर किंवा त्याच्या डक्टवर हॉट वर्क बंद म्हणजे बंद. एसएसच्या व्हेसलमध्येसुद्धा वेल्डिंगचे गोळे जाळीवर पडले की तार वितळून भोकं पडतात. रिफायनरीवाल्यांना आणखी एक त्रास, जुन्या पॅडमध्ये आयर्न सल्फाईड साचलेलं असतं ते हवा लागली की आपोआप पेटतं, म्हणून तिथे जुना पॅड ओला ठेवूनच बाहेर काढतात.

बसवणं

जुना पॅड काढताना फोटो काढा. कुठली पट्टी जास्त पिवळी पडलीय, कुठे पांढरा थर जमलाय, कुठे एकदम कोरी राहिलीय, त्यावरून गॅस कुठून जात होता ते कळतं. आमच्या पॅडची उत्तरेकडची पट्टी कोरी होती, तिच्या शेजारीच ती दोन बोटांची फट.

आता रिंग. पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या, गवंडी वापरतात तीच, आणि रिंगवर आठ ठिकाणी खूण करून बघा. आम्ही ५ मिमीपर्यंत चालवून घेतो, त्याच्या वर गेलं तर रेझिन लावून पॅच करतो. जुन्या रेझिनचे गोळे, लॅमिनेटच्या धारा घासून काढा, पॅड सपाट टेकलाच पाहिजे. पॅच केला तर पूर्ण सुकू द्या, रेझिनमधल्या स्टायरिनचा वास गेल्यावर परत गॅस टेस्ट केल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. १८०० किंवा मोठा व्यास असेल तर मधे एक एफआरपी बीम पाहिजे, तो पट्ट्यांना आडवा येईल असा, आणि त्याचा वरचा भाग रिंगच्याच पातळीत. बीम आठ-दहा मिमी खाली राहिला तर पट्ट्या मधे झोल खातात आणि सांधे वरून उघडतात.

पायाखाली फळ्या टाका. जाळीवर कोणी उभं राहायचं नाही, गुडघाही टेकायचा नाही, दाबलेली जागा दाबलेलीच राहते.

आता क्रम. पट्ट्यांना एक ते सहा नंबर द्या. आधी एक आणि सहा, म्हणजे दोन्ही टोकांच्या गोल कडेच्या. त्या हाताने भिंतीकडे दाबून बसवा, जाळी भिंतीला टेकून थोडी दुमडल्यासारखी दिसली पाहिजे. मग दोन आणि पाच. मग तीन. आणि शेवटी चार, जिच्यासाठी जागा राहिलेली असते जेमतेम अडीचशे मिमी आणि तिची रुंदी ३१०. इथे नवखा फिटर लाथ मारतो नाहीतर हातोडा घेतो. आमचा मिस्त्री काय करायचा बघा, दीड-दोन मिमी जाडीचे पीपी शीटचे दोन तुकडे घ्यायचा, पट्टीएवढे लांब, त्यांना साबणाचं पाणी लावायचा, आणि ते तीन आणि पाचच्या उघड्या बाजूंना उभे लावून दोन्ही हातांनी बाहेर दाबून धरायचा. हेल्परने चार नंबरची पट्टी एका टोकाकडून तिरकी धरून त्या दोन शीटच्या मधे सरकवायची, बूट घालताना शूहॉर्न लावतो ना अगदी तसं. पट्टी खाली टेकली की दोन्ही शीट सरळ वर ओढून काढायचे. जाळी फुलून शेजारच्या जाळीत अडकते, सांधा शोधून सापडत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मिस्त्रीला म्हटलं हे कुठे शिकलात, तर म्हणाला गादीत कापूस भरणाऱ्याकडे. खरं खोटं त्यालाच माहीत.

टोकांच्या पट्ट्यांच्या कोपऱ्यात, जिथे गोल आणि सरळ बाजू मिळते, तिथे छोटा त्रिकोण मोकळा राहतो. करंगळी जाईल एवढं असेल तर त्याच जाळीचा तुकडा घट्ट कोंबा. दोन बोटं जात असतील तर कोंबाकोंबी नको, तो तुकडा ब्लोअर चालू झाला की उडणारच, पट्टी बदलून घ्या.

वरून बांधणं. पॅड खालून वर येणाऱ्या गॅसने उचलला जातो हे लोकांच्या डोक्यात येत नाही, त्यांना वाटतं स्वतःच्या वजनाने बसेल. एसएसमध्ये एसएसचीच टाय वायर, रिंगला भोकं असतील तिथे साधारण दर दीडशे मिमीवर, किंवा जे-बोल्टने वरचे होल्ड डाऊन बार पकडायचे. पीपीत मात्र इथेच घोटाळे होतात. एका शटडाऊनला घाईत कोणीतरी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) बाइंडिंग वायर बांधली, ती ॲसिडमध्ये दोन आठवड्यांत विरघळली. पुढच्या वेळी हुशारी करून नायलॉनच्या केबल टाय लावल्या, प्लॅस्टिकच आहे ना. नायलॉनलाही कडक ॲसिड खातं, हात लावला तर बिस्किटासारख्या तुटत होत्या. पीपी किंवा पीव्हीडीएफच्या पट्ट्या, स्टड आणि नट, किंवा एफआरपीचे बार, एवढंच चालतं. पीपीचे नट पान्याने आवळू नका, हाताने घट्ट करून अर्धा फेरा, आटे जातात.

मग टॉर्च टेस्ट. एक माणूस पॅडच्या खाली, एक वरच्या मॅनहोलशी, बाहेरचे दिवे बंद. खालच्याने टॉर्च लावून कड आणि सांध्यांवरून हळूहळू फिरवायचा. जाळीतून मंद उजेड येतो, फट असेल तिथे पांढरी रेघ दिसते. वरचा खडूने खूण करतो. मी स्वतः वर थांबतो, कारण हा अर्धा तास वाचवायला सगळ्यांना आवडतं.

बाहेर येताना हत्यारं मोजा, शीट मोजा, कापलेले जाळीचे तुकडे गोळा करा. फळ्या काढल्या का ते बघा. हसू नका, एकदा राहिली होती.

चालू करताना

पॅडच्या खाली आणि वर एकेक टॅपिंग घ्या, दोन्हीकडच्या दाबातला फरक, म्हणजे डीपी, बघायला पारदर्शक नळीचा यू-ट्यूब मॅनोमीटर लावा, रंगीत पाणी भरा. महाग गेज नसलं तरी हे पुरतं. आधी स्प्रे पंप बंद ठेवून नुसता ब्लोअर, व्हीएफडीवर हळूहळू वाढवत. आमचा नवा कोरडा पॅड पाण्याच्या दहा मिमीच्या आत दाखवतो, पंप चालू करून ओला झाला की थोडा चढतो, २५ च्या आतच असतो. हे दोन्ही आकडे तारखेसकट कॉलमवरच मार्करने लिहून ठेवा, लॉगबुक हरवतं.

पुढे आकडा हळूहळू चढत गेला तर पॅड चोक होतोय, खालून पाण्याने धुवायचा नोझल असेल तर तो वापरा, कॉस्टिक स्क्रबरमध्ये मिठाचे आणि कार्बोनेटचे थर बसतात ते बरेचसे निघतात. एकदम उसळून चढला तर तो पाण्याने भरलाय, वेग जास्त झालाय किंवा स्प्रे फार जवळ आहे. आणि आकडा अचानक शून्याकडे गेला तर ऑपरेटर खूश होऊन सांगतो "साहेब, डीपी मस्त झाला." पॅड उडालाय हो!

कॅरीओव्हर खरंच थांबला का बघायला स्टॅकच्या सॅम्पलिंग पोर्टमधून काठीला लावलेला पीएच पेपर दहा सेकंद आत धरा, ग्लव्हज आणि गॉगल घालून. आधी आमच्या पेपरवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके नुसते शिंपडल्यासारखे यायचे. पॅड नीट बसल्यावर पेपर एकसारखा दमट होतो, ठिपका नाही.

तिसऱ्या दिवशी रिसर्क्युलेशन पंपाचा स्ट्रेनर उघडा. जाळीचे सुटे तंतू पहिल्या दोन-तीन दिवसांत धुऊन खाली येतात, मूठभर निघाले तर घाबरू नका, धुऊन लावा. आठवड्याने परत उघडा. तेव्हाही मूठभर निघाले तर परमिट काढायला लागा, वर काहीतरी सुटलंय.